लेकीला प्रवेश मिळालाय, पण शाखेत!

ताई, आम्ही मूळचे सांगलीचे, बरीच वर्षं न्यू जर्सीत आहोत. मुलीनं गेल्या वर्षी एमडी कॉलेजांना अर्ज केले, कुठूनच बोलावणं आलं नाही. यंदा डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथीच्या, कॉलेजांनाही केले आणि एका ठिकाणी प्रवेश मिळाला. पण मुख्य कॉलेजात नव्हे, शाखेत. कॉलेज आमच्या इकडचं आणि शाखा पार दक्षिणेत, दोन विमानं बदलून जावं लागेल अशा गावात. तिचे बाबा म्हणतात, आपल्याकडे शिक्षणसम्राटांची दुकानं असतात तसलंच हे दुकान, फी गोळा करायला काढलेलं. त्यापेक्षा एक वर्ष थांबून पुन्हा एमडीसाठी प्रयत्न कर. तिकडून नणंदेचा फोन : 'डीओ म्हणजे ते मालिश करणारे ना?' मुलगी खोलीबाहेर यायला तयार नाही. मला एवढंच सांगा, ही कॉलेजं हजार मैलांवर शाखा काढतात तरी कशाला? आणि तिनं जावं का?
— एक आई

नणंदबाईंचं आधी उरकून टाकते. अमेरिकेत डॉक्टर व्हायच्या पदव्या दोन, एमडी आणि डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन), आणि डीओ हाही पूर्ण डॉक्टर असतो. पन्नासही राज्यांत तो औषधं लिहून देतो, शस्त्रक्रिया करतो, आयसीयू सांभाळतो. २०२० पासून तर एमडी आणि डीओ या दोघांच्या रेसिडेन्सीला (पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला) मान्यता देणारी संस्था एकच आहे आणि मॅचही, म्हणजे त्या जागांचं देशभरातलं वाटपही, एकच. पहिल्या दोन वर्षांत हातांनी स्नायू-सांधे तपासायचे आणि उपचार करायचे साधारण २०० तास डीओंना जास्तीचे असतात, त्यावरून ही 'मालिश' निघाली. अमेरिकेबाहेर, आपल्याकडेसुद्धा, ऑस्टिओपॅथ म्हणून पाटी लावणारे लोक वेगळे. ते डॉक्टर असतीलच असं नाही, त्यामुळे हा घोटाळा होतो. आज अमेरिकेत डॉक्टरकी शिकणाऱ्या दर चार मुलांमागे एक डीओ कॉलेजात आहे, एवढं त्यांना सांगा आणि विषय बदला.

तिच्या बाबांचं म्हणणं मात्र असं झटकून टाकता येणार नाही. त्यांचं निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं का बरोबर नाही, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

ऑस्टिओपॅथीचं पहिलं कॉलेज १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिल या आडगावात निघालं. काढणारे अँड्र्यू टेलर स्टिल. प्रस्थापित डॉक्टरांनी या मंडळींना कित्येक दशकं जवळ केलं नाही. एमडींच्या रुग्णालयांत त्यांना शिरकाव नव्हता, म्हणून त्यांनी गावोगावी आपली लहान रुग्णालयं काढली. १९६२ साली कॅलिफोर्नियात तर अशी वेळ आली की ६५ डॉलर भरा आणि डीओचे एमडी व्हा. सुमारे दोन हजार डॉक्टर झालेही, आणि लॉस एंजेलिसचं त्यांचं कॉलेज एमडी कॉलेज बनलं (आजच्या यूसी अर्व्हाइनच्या मेडिकल कॉलेजचं मूळ ते). पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णालयांच्या साखळ्या तयार झाल्या तसतशी डीओंची ती छोटी रुग्णालयंही बंद पडली किंवा कुणात तरी विलीन झाली. हाती राहिली ती कॉलेजं. बहुतेकांकडे स्वतःचं मोठं रुग्णालय नाही, संशोधनाचं भलंमोठं अनुदान नाही आणि बऱ्याच जणांमागे राज्य सरकारही नाही. पहिली दोन वर्षं वर्गात शिकवायची आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलांना दुसऱ्यांच्या रुग्णालयांत रोटेशनला (एकेका विभागात काही आठवडे प्रत्यक्ष शिकायला) पाठवायचं, हीच त्यांची रीत झाली.

शाखांचं सगळं गणित या एका गोष्टीतून निघतं. वर्गात कितीही मुलं बसवता येतात. हल्ली तर व्याख्यानं रेकॉर्ड केलेली असतात, निम्मी मुलं घरी बसून दीडपट वेगानं ऐकतात. पण प्रसूती होताना पाहायला, ऑपरेशनला हात लावायला, रुग्णाशी पहिल्यांदा अडखळत बोलायला खाटेपाशी जागा लागते, आणि ती जागा मोजकीच असते. फिलाडेल्फियाचं उदाहरण घ्या. त्या एका शहरात पेन, टेम्पल, जेफरसन, ड्रेक्सेल अशी चार एमडी कॉलेजं आहेत. तिथल्या १८९९ पासूनच्या डीओ कॉलेजाला, पीकॉमला, आणखी शंभर-सव्वाशे मुलं घ्यायची म्हटली तर पाठवायची कुठे? त्याच रुग्णालयांच्या दारात सगळे उभे. पीकॉमनं २००५ मध्ये जॉर्जियात अटलांटाजवळ सुवानीला शाखा काढली आणि २०१९ मध्ये त्याच राज्याच्या दक्षिण टोकाकडे मोल्ट्रीला दुसरी. जॉर्जियाला डॉक्टर हवे होते आणि तिथल्या रुग्णालयांत जागा होती. नवी शाखा म्हणजे नवी इमारत असं आपल्याला दिसतं. कॉलेजाला दिसतात त्या इमारतीभोवतीची रुग्णालयं.

मग नवंच कॉलेज का काढत नाहीत? कारण ते महाग आणि वेळखाऊ. डीओ कॉलेजांना मान्यता देणारी एक संस्था आहे, कोका म्हणतात तिला. पूर्ण नवं कॉलेज तिच्या पायऱ्या एकेक करत चढतं, आणि पहिली तुकडी पदवीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत पूर्ण मान्यता हातात येत नाही. शाखेलाही कोकाची परवानगी लागतेच, पण ती मुख्य कॉलेजाच्या मान्यतेखाली सुरू होते. अभ्यासक्रम तयार, प्रश्नसंच तयार, प्रवेशाची यंत्रणा तयार, फीचा आणि कर्जाचा विभाग तयार. नावही तयार, हे विसरू नका. तुमच्या मुलीनं कुणी कधी न ऐकलेल्या नव्या कॉलेजाला अर्ज केला असता का?

आणि हो, पैसा. दीडशे मुलांची तुकडी, वर्षाची फी ५५ हजार डॉलर धरली तर चारही वर्षं भरल्यावर शाखेची नुसती फी वर्षाला ३ कोटी ३० लाख डॉलर होते. खासगी डीओ कॉलेजं बहुतांशी फीवरच चालतात. बाबांचं निम्मं बरोबर म्हटलं ते या हिशेबामुळे. काही ठिकाणी तर आडपडदाही नाही. कोलोरॅडोची रॉकी व्हिस्टा २००८ मध्ये उघडली तीच नफ्यासाठी म्हणून, जवळजवळ शतकभरातलं देशातलं पहिलं तसं मेडिकल कॉलेज. पुढे तिनं युटात आणि मोंटानात हातपाय पसरले. २००० साली देशात वीसाच्या आत डीओ कॉलेजं होती, आज चाळीसच्या वर आहेत आणि ती साठाहून जास्त ठिकाणी शिकवतात. एवढी वाढ केवळ सेवाभावातून होते यावर माझाही विश्वास नाही.

पण आपल्याकडच्या दुकानांशी तुलना इथे तुटते. आपल्याकडे कॉलेजाचं स्वतःचं रुग्णालय असलंच पाहिजे असा नियम आहे, आणि तपासणीच्या दिवशी खाटांवर भाड्याची माणसं झोपवल्याच्या बातम्याही आपणच वाचतो. इथे कॉलेजाकडे रुग्णालयच नसतं, त्यामुळे त्याला आधीपासून चालणाऱ्या, खऱ्या रुग्णांनी भरलेल्या रुग्णालयाचं दार ठोठवावं लागतं. ते रुग्णालय हो म्हणतं, कारण त्याची स्वतःची अडचण असते.

ही दुसरी बाजू मला जास्त रंजक वाटते. गावं अक्षरशः या शाखा मागून आणतात. मिझुरीतल्या जॉप्लिनवर २०११ च्या मे महिन्यात भयंकर चक्रीवादळ (टॉर्नेडो) आलं. दीडशेहून जास्त माणसं गेली, शहरातलं एक मोठं रुग्णालय उद्ध्वस्त झालं. त्यानंतर जिथं तात्पुरतं रुग्णालय उभारलं होतं, त्याच जागेवर २०१७ मध्ये कॅन्सस सिटीच्या डीओ कॉलेजानं शाखा सुरू केली. साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला व्हर्जिनियाच्या व्हीकॉम या डीओ कॉलेजाची शाखा २०११ पासून आहे, ती बंद पडलेल्या कापड गिरणीच्या जागेवर. (गिरणगावात आपण काय उभारलं ते आठवून मला उगीच चुटपुट लागते, पण ते असो.) ओरेगनमधल्या लेबनन या छोट्या गावात कॅलिफोर्नियाच्या वेस्टर्न युनिव्हर्सिटीची शाखा त्याच वर्षी आली, तीही स्थानिक रुग्णालय-संस्थेच्या पुढाकारानं, रुग्णालयाच्या समोरच. आणि ओक्लाहोमातलं टाहलक्वा बघा. तिथे चेरोकी नेशननं स्वतःच्या सुमारे ४ कोटी डॉलरमधून इमारत बांधून ओक्लाहोमा स्टेटच्या डीओ कॉलेजाला बोलावलं. आदिवासी राष्ट्राच्या भूमीवर त्याच्या भागीदारीनं चालणारं देशातलं हे पहिलं मेडिकल कॉलेज. २०२० मध्ये पन्नासेक मुलांची पहिली तुकडी बसली, २०२४ मध्ये ती डॉक्टर होऊन बाहेर पडली. आपल्या माणसांना तपासायला बाहेरून डॉक्टर येत नाहीत, आले तर टिकत नाहीत, मग इथेच घडवू, असा तो विचार. याला दुकान म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

न्यू यॉर्कच्या एनवायआयटी विद्यापीठाच्या डीओ कॉलेजाचं आर्कान्सातल्या जोन्सबरोला काय काम, असं तुमच्यासारखंच तिथल्यांनीही विचारलं असेल. आर्कान्सा स्टेट युनिव्हर्सिटीला आपल्या आवारात मेडिकल कॉलेज हवं होतं, पण स्वतःचं काढायचं तर खर्च डोक्यावरून पाणी. तयार कॉलेज बोलावून आपली जुनी विल्सन हॉल इमारत त्याला देणं परवडलं. २०१६ पासून ते चालू आहे. व्हीकॉमनंही अलाबामात ऑबर्नला आणि लुइझियानात मन्रोला असाच विद्यापीठाचा शेजार गाठलाय. डीओ कॉलेजं बहुतेक खासगी, त्यामुळे राज्याची सीमा त्यांना अडवत नाही. एमडी कॉलेजांनाही शाखा असतात बरं का, इंडियाना युनिव्हर्सिटीचं मेडिकल कॉलेज नऊ ठिकाणी चालतं, पण ते राज्याच्या पैशावर राज्यातल्या राज्यात. तिथे कुणी दुकान म्हणत नाही.

आता खरी अडचण. ती माहितीपत्रकात सापडायची नाही.

डॉक्टर जिथे रेसिडेन्सी करतो, त्याच राज्यात राहण्याकडे त्याचा कल असतो. निम्म्याहून जास्त जण तसंच करतात. म्हणजे गावाला डॉक्टर मिळायचा तर नुसतं कॉलेज उपयोगाचं नाही, रेसिडेन्सी हवी. आणि रेसिडेन्सीच्या खर्चातला सगळ्यात मोठा सरकारी वाटा मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) उचलतं, ज्याला १९९७ च्या कायद्यानं कुलूप घातलंय : १९९६ मध्ये ज्या रुग्णालयात जितक्या जागा होत्या, साधारण तितक्यांचाच पैसा. अमेरिकी संसदेनं २०२० च्या अखेरीस हजार जागा वाढवल्या, त्याही वर्षाला दोनशेच्या आत वाटायच्या. मात्र ज्या रुग्णालयात कधीच रेसिडेन्सी नव्हती, ते नव्यानं सुरू करू शकतं, आणि पहिल्या पाच वर्षांत जेवढं वाढवेल त्यावर त्याची मर्यादा ठरते. आडगावातली रुग्णालयं नेमकी अशीच कोरी असतात. म्हणून शहाणं कॉलेज शाखा काढतानाच आसपासच्या दोन-चार रुग्णालयांना हाताशी धरून रेसिडेन्सी उभी करायला लावतं. बाकीचे फीत कापतात, फोटो काढतात आणि चार वर्षांनी मुलं देशभर पांगतात.

बाबांचा संशय वापरायचाच असेल तर तो इथे वापरा. पैशासाठी काढलंय का, हे विचारू नका, पैसा सगळ्यांनाच हवाय. विचारायचं ते हे की माझ्या मुलीला तिसऱ्या वर्षी कुठे पाठवणार? तिनं थेट शाखेच्या क्लिनिकल विभागाला ईमेल करावं (तुम्ही नको, तिनंच) आणि कोअर साइट्सची, म्हणजे मुख्य रोटेशन जिथे होतात त्या रुग्णालयांची, नावं मागावीत. नावं आली की त्या रुग्णालयांच्या वेबसाइटवर जाऊन खाटा किती, प्रसूती होतात का, मुलांचा विभाग आहे का, ते पाहावं. खेड्यातल्या कित्येक रुग्णालयांनी प्रसूती विभाग बंद करून टाकलेत, तिथे प्रसूतीचं रोटेशन कसं होणार? एकाच गावात वर्षभर राहायला मिळतं की दर महिन्याला सामान गाडीत भरून दोनशे मैल जावं लागतं, हेही. रोटेशन कॉलेज ठरवून देतं की काही रोटेशन मुलांनी स्वतः डॉक्टरांना फोन करकरून शोधायची असतात? हे शेवटचं उत्तर गोलमोल आलं तर सावध व्हा. त्याच खाटांसाठी कॅरिबियन बेटांवरची कॉलेजंही रुग्णालयांना पैसे देऊन रांगेत उभी असतात, हे लक्षात ठेवा.

दुसरं, मॅचची यादी मागताना शाखेची वेगळी मागावी. कॉलेजं बऱ्याचदा सगळ्या शाखांचा मिळून आकडा सांगतात. डीओंचं एकूण चित्र वाईट नाही. अलीकडच्या वर्षांत शेवटच्या वर्षातले ९० टक्क्यांहून जास्त मॅच झालेत, परदेशात शिकून येणाऱ्यांपेक्षा पुष्कळ वर. पण तुमच्या मुलीला त्वचारोग किंवा न्यूरोसर्जरीच करायचीय म्हणाली तर मी वेगळं उत्तर देईन, कारण तिथे संशोधनाचे पेपर लागतात आणि छोट्या गावातल्या शाखेत ते जमवणं कष्टाचं. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल, बालरोग, इमर्जन्सी असं काही मनात असेल तर उलट फायदाच : जिथे रेसिडेंटांची गर्दी नाही तिथे विद्यार्थिनीला अटेंडिंगच्या, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरच्या, शेजारी उभं राहायला मिळतं. मोठ्या शिक्षण-रुग्णालयात ती पाचव्या रांगेत असते.

शाखा अगदी नवी असेल, पहिली तुकडी अजून बाहेर पडली नसेल, तर वरचे प्रश्न दुप्पट जोरानं विचारावेत. दोन-तीन तुकड्या बाहेर पडल्या असतील तर तिथली चौथ्या वर्षातली मुलं गाठावीत. एवढ्या कॉलेजांत एखादं मराठी किंवा निदान देशी पोर सापडतंच, तुमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर टाका. प्रवेश विभागानं पुढे केलेल्या हसऱ्या दूतापेक्षा ते पोर खरं बोलेल.

पैशाचं तुम्ही पत्रात काहीच लिहिलं नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते. १ जुलै २०२६ पासून नव्यानं कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद. डॉक्टरकीसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. खासगी डीओ कॉलेजांत बहुतेक ठिकाणी नुसती फीच ५० हजारांच्या पुढे जाते, वर राहणं, खाणं आणि रोटेशनसाठी गाडी. उरलेली रक्कम खासगी बँकेकडून, म्हणजे बहुधा तुम्हा दोघांच्या सहीवर. छोट्या गावात भाडं कमी, ही त्यातल्या त्यात शाखेची जमेची बाजू. पण चारही वर्षांचा आकडा कागदावर मांडल्याशिवाय हो म्हणू नका. सांगलीचा प्लॉट विकायचा विचार मनात असेल तर तो आत्ताच बोलून घ्या, तिसऱ्या वर्षी नको.

राहिलं वर्षभर थांबणं. माझं मत विचारलंत म्हणून : रोटेशनची उत्तरं धड आली तर तिनं जावं. हातातला प्रवेश सोडून पुन्हा अर्ज करणाऱ्यांकडे निवड समित्या कपाळाला आठ्या घालून पाहतात, आणि पुढच्या वर्षी तिचे गुण, तिचा एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा), तिचे अनुभव असे काय बदलणार आहेत? काही ठोस बदलणार असेल, उदाहरणार्थ एमकॅट फारच खाली राहिला होता आणि ती तो पुन्हा देणार असेल, तर बाबांचं ऐकण्यात अर्थ आहे. केवळ 'शाखा' हा शब्द खुपतो म्हणून थांबण्यात नाही. तसंही पदवीवर मुख्य कॉलेजाचंच नाव असतं.

उत्तरं मात्र जागा राखण्याची रक्कम भरायच्या आधी मागवा. ती बहुधा परत मिळत नाही. आणि जमलं तर तिच्या बाबांनाच तिच्याबरोबर ते गाव बघायला पाठवा, रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये गाड्या किती आहेत ते त्यांना मोजू द्या.

— ताई